माळ घातली म्हणजे दारू सुटेल का?

दारूपायी रस्त्यावर आलेल्या माणसाचे नातेवाईक माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "मठात ठेवला, माळ घातली, तर सुटेल का हो?" आणि उठता उठता, दबक्या आवाजात दुसरा: "सुटली तर मग घरी आणावंच लागेल का?" हा दुसरा प्रश्न विचारताना लोकांना फार अपराधी वाटतं. तसं वाटून घेऊ नका. वर्षानुवर्षं घरात शिव्या, मारहाण, चोऱ्या सोसलेल्या माणसानं तो विचारायलाच हवा.

कोल्हापुरातल्या एका बहीण-भावाची हकीकत सांगते. दोघांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. भावाला निवाऱ्यात सगळे अण्णा म्हणत, मीही तेच म्हणते.

अण्णा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डर होते. कामाला वाघ. दिवसभर भट्टीची धग सोसायची आणि पाळी सुटली की क्वार्टर मारायची, हा क्रम बरीच वर्षं चालला. मग ती क्वार्टर सकाळीच लागायला लागली. नोकरी गेली, बायको मुलाला घेऊन माहेरी गेली, भाड्याची खोली सुटली. थोडे दिवस बहिणीकडे राहिले, तिथूनही भांडून निघाले. मुक्काम मध्यवर्ती बसस्थानक, कधी पंचगंगेचा घाट. जेवण अंबाबाईच्या देवळाच्या आसपास कुणी देईल ते. आपल्या गावात माणूस सहसा उपाशी राहत नाही, ही गावाची पुण्याईच. पण चार घास दिले की आपण त्याच्याकडे वळून बघत नाही, हेही खरं.

त्यांची बहीण, म्हणजे ताई, माझ्याकडे आल्या तेव्हा सगळे उपाय करून थकल्या होत्या. जोतिबाला नवस झाला होता, देवऋषी झाला होता, जाहिरात बघून मागवलेली पावडर चहातून देऊन झाली होती. या पावडरीबद्दल कळकळीनं सांगते: असं करू नका. त्या पुडीत काय आहे, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेतलेला माणूस दारू प्यायला तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच देतात.

निवारा शहराबाहेर, वारकरी परंपरेतल्या एका मठानं चालवलेला. ताई भावाला घेऊन गेल्या तेव्हा एकादशी दोन दिवसांवर होती आणि त्याच दिवशी माळ घालावी, असा त्यांचा आग्रह होता. तिथल्या महाराजांनी अण्णांना दोन्ही हात पुढे करायला सांगितले. बोटं थरथरत होती. "शेवटची कवा घेतली?" "सकाळी." "मग आधी सीपीआर. माळेचं नंतर बघू."

सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय. महाराजांच्या या एका वाक्यानं अण्णांचा जीव वाचला असं मी मानते. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या २ दिवसांत फिट येऊ शकते. २ ते ४ दिवसांत काहींना भ्रम होतो, आणि उपचार नसतील तर त्यात माणूस दगावू शकतो. तिसऱ्या रात्री अण्णांना वॉर्डाच्या भिंतीवरून लोखंडाचा तापलेला रस ओघळताना दिसत होता. "सिस्टर, मागं सरका, पाय भाजंल!" म्हणून ते ओरडत होते. गोळ्या, सलाईन, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं यांवर ते त्यातून बाहेर आले. हेच मठाच्या ओवरीत घडलं असतं तर 'अंगात आलंय' म्हणून कुणी अंगारा लावला असता.

ताईंना मात्र रुखरुख होती की दवाखान्यात नेलं म्हणजे देवावरचा भरवसा कमी पडला. निवाऱ्याच्या भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री लिहिली आहे. ती मी त्यांना पुन्हा वाचायला सांगितली. बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार, दोन्ही त्याच यादीत आहेत.

दवाखान्यातून अण्णा निवाऱ्यात आले. पहाटे काकडा, मग झाडलोट, काम, संध्याकाळी हरिपाठ. हरिपाठाची सक्ती नव्हती आणि बरेच आठवडे अण्णा बाहेर कट्ट्यावरच बसत. व्यवस्थापकांनी त्यांना एक काम दिलं: रोज पाच वाजता स्वयंपाकघरात सांगायचं, आज पंगतीला पानं किती. कामावरून कोण उशिरा येणार, कुणाला ताप आहे म्हणून पेज लागणार, सगळं धरून. एकदा आकडा चुकला आणि उशिरा आलेल्या एका आजोबांना भात उरला नाही. कुणी अण्णांना काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारीच प्रत्येकाला विचारून वहीत लिहू लागले. माझ्याशी बोलताना बायको-मुलाचा विषय ते टाळायचे, पण त्या भाताबद्दल तास तासभर बोलले. कितीतरी वर्षांत त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. औषधानं हाताची थरथर थांबते. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही जाणीव मात्र माणसांतच मिळते, आणि श्रद्धेनं चालणारे चांगले निवारे ती देऊ शकतात.

कागदपत्रं रस्त्यावर हरवली होती. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला आधारसाठी चालतो. तो मिळाला, मग बँकेत खातं निघालं. फिटची भीती होती म्हणून डॉक्टरांनी भट्टीजवळचं काम नको सांगितलं, तेव्हा पॅकिंगमध्ये लागले.

पहिला पगार झाला त्या संध्याकाळी ते पिऊन आले. नियम असा की प्यायलेल्याला इतरांबरोबर झोपू द्यायचं नाही. पण हाकलून दिलं नाही. ओवरीत झोपवलं, रात्री एकजण लक्ष ठेवून होता, सकाळी डॉक्टरांकडे नेलं. ताईंचा रडत फोन आला, "संपलं का हो सगळं?"

संपलं नव्हतं. या आजारात घसरण होते. घसरल्यावर माणूस किती लवकर परत येतो, त्यावर पुढचं बरंच ठरतं. महाराजांनी माळेला 'अजून नको' का म्हटलं होतं, तेही तेव्हा ताईंच्या ध्यानात आलं. गळ्यात माळ असताना प्यालेली माणसं मी पाहिली आहेत. आपण पातक केलं, आता कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणून ती दार टाळतात आणि लपून महिनोन्महिने पीत राहतात. अण्णांनी काही मोडलं नव्हतं, म्हणून ते दारापर्यंत आले. नंतर पगाराच्या दिवशी व्यवस्थापक सोबत जाऊ लागले आणि अण्णा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या, बैठकांना बसू लागले. माळ त्यांनी पुढच्या आषाढीला कोल्हापूरजवळच्या नंदवाळला विठ्ठलाच्या देवळात घातली, स्वतः मागून.

असा निवारा शोधताना काही गोष्टी तोंडावर विचाराच. डॉक्टरांशी जोडलेले आहात का? चालू औषधं बंद करायला लावता का? माणसाला जायचं असेल तर जाता येतं का? त्याला घरच्यांशी बोलू देता का? बांधून, कोंडून किंवा मारून 'सरळ' करणारी जागा कितीही पवित्र म्हणवत असली तरी तिथून माणसाला बाहेर काढा. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यानं गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली आहे, आणि दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही त्या कायद्यात येतात.

आता दुसरा प्रश्न. अण्णा ताईंच्या घरी राहायला गेले नाहीत, आणि हे मीच सुचवलं होतं. निवाऱ्यातल्याच दोघांबरोबर त्यांनी शिरोलीत खोली घेतली आहे. रविवारी दुपारी बहिणीकडे जेवायला येतात. पिऊन आलास तर दार उघडणार नाही, हे ताईंनी एकदाच, शांतपणे सांगितलं आहे आणि त्या ते पाळतील. मुलगा अधूनमधून फोनवर बोलतो. वहिनींनी परत येण्याचं काही ठरवलेलं नाही आणि त्यांच्यावर कुणी दबाव आणू नये, हे मी अण्णांनाही स्पष्ट सांगितलं आहे.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, आणि तो फोन पिणाऱ्याच्या आधी तुम्ही स्वतःसाठी केलात तरी चालतो.