पट्टीतली कपात: लेव्ही कोणती, वर्गणी कोणती?

प्रश्न: धान्य विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पट्टीत शेतकरी संघटनेच्या नावाने टनामागे रक्कम कापलेली दिसते. सभासद झाल्याचे आम्हाला आठवत नाही. हे पैसे जातात कुठे? परत मिळतात का?

उत्तर: आधी पट्टीवर कपातीपुढे कोणाचे नाव आहे ते नीट वाचा. कपाती दोन जातीच्या असतात, आणि बरीचशी भांडणे त्यांची गल्लत केल्यानेच होतात.

पहिली कपात म्हणजे लेव्ही; ती कायद्याने होते. तुम्ही सभासद असा वा नसा, पहिल्या विक्रीलाच खरेदीदार ती कापून संबंधित मंडळाकडे भरतो. अमेरिकेत सोयाबीनवर 1991 पासून निव्वळ विक्री किमतीच्या अर्धा टक्का अशी लेव्ही आहे. ती संशोधनावर आणि बाजारपेठ वाढवण्यावर खर्च होते. कायदे वा सरकारी धोरण वळवण्यासाठी त्यातला पैसा वापरायला मनाई आहे. ऑस्ट्रेलियातही धान्य संशोधनाला असाच पैसा मिळतो आणि तिथे सरकार स्वतःची भर घालते.

मग आयात शुल्काबद्दल, मालवाहतुकीच्या दराबद्दल शेतकऱ्याच्या बाजूने भांडायचे कोणी? ते काम सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संघटना करते. ही वर्गणी म्हणजे दुसरी कपात. तिला तुमची संमती लागते. हंगामाच्या सुरुवातीला दहा कागदांवर सह्या करताना त्यात एखादे संमतिपत्र असते आणि ते आपण विसरतो. खरेदीदाराकडे त्याची प्रत मागा. सही नसेल तर कपात थांबवायला लेखी सांगा.

वर्गणी टनावर की किमतीवर, हेही पाहा. टनावर असेल तर भरघोस पीक येऊन भाव कोसळलेल्या वर्षी ती जाचते, कारण माल जास्त आणि हातात पैसा कमी. किमतीच्या टक्क्यावर असेल तर भाव पडला की तीही उतरते. संघटनेची अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच: दुष्काळात माल कमी येतो, जमा घटते, आणि नेमकी तेव्हाच शेतकऱ्यांना तिची सर्वांत जास्त गरज असते. म्हणून चांगल्या वर्षी राखीव निधी बाजूला काढलेला मला गैर वाटत नाही. तो किती आणि कुठे ठेवलाय, हे मात्र वार्षिक सभेत विचारावे.

परताव्याचे उत्तर नियमावलीत सापडेल. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात गव्हाची लेव्ही कायद्यानेच कापली जाते, तरी शेतकऱ्याला अर्ज करून ती परत घेता येते. अमेरिकेच्या सोयाबीन लेव्हीला राष्ट्रीय पातळीवर तशी सोय नाही. परतावा असेल तिथे अर्जाची मुदत असते, ती चुकली की हक्क गेला. पुरावा म्हणून हंगामाच्या सगळ्या पट्ट्या एकत्र ठेवा आणि कापलेली रक्कम संघटनेच्या नोंदीत तुमच्याच नावावर जमा आहे का, ते पडताळून घ्या.