टॅग लावण्याआधी मासा तोला

मुंबईतल्या दहिसर नदीच्या वरच्या अंगाला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात माशांना टॅग लावून त्यांचा माग काढणार असाल तर आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या. १२ मिमीचा पिट टॅग (माशाच्या शरीरात बसवायची, ओळख क्रमांक असलेली बारीक चिप) साधारण ०.१ ग्रॅम भरतो. टॅग माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जड नको, म्हणजे ५ ग्रॅमखालचा मासा तसाच सोडून द्या. दोन टॅग एकदम त्यांचा क्रमांक वाचणाऱ्या अँटेनासमोर आले तर बहुधा एकही वाचला जात नाही. खरी फसगत मात्र वेगळीच: मेलेल्या माशाचा किंवा गळून पडलेला टॅग तळाशी पडून अँटेनावर नोंदला जात राहतो आणि मासा डोहातच मुक्कामाला आहे असं वाटतं. काठीने आसपासचे दगड हलवा. टॅग जागचा हललाच नाही तर ती नोंद संशयित धरा. आणि कृपा करून मासा न सापडलेल्या जागांचीही खोली, प्रवाहाचा वेग, तळ मोजा. त्याशिवाय माशाला कोणती जागा पसंत आहे ते ठरवता येत नाही.