नाणी मोजणारं यंत्र चुकतं का?

प्रश्न: नाण्यांचे रोल बांधून पिशवीत भरणाऱ्या यंत्राची मोजणी चुकते का?

उत्तर: अशी यंत्रं मी बरीच वर्षं दुरुस्त केली. आत तबकडी गरगर फिरते, नाणी कडेला फेकली जातात आणि एकामागोमाग एक सेन्सरखालून सरकतात. आकडा भरला की वाट बंद. मग तीन रुळांमध्ये चवड फिरते, कागद लपेटला जातो, हुक कागदाची दोन्ही टोकं दुमडतात. (तो कर्रर्र आवाज मला आवडायचा.) रोल मोजून पिशवीत पडतात. मोजणी क्वचितच चुकते. घोळ करतं ते वाकडं नाणं, नाहीतर सेन्सरवरची काळी धूळ. शंका आलीच तर रोल वजनकाट्यावर ठेवा. एक नाणं कमी असलं तरी कळतं.