फिट आली म्हणून स्वयंपाकघर बंद?

पत्र थोडक्यात असं: लग्नाला दीड वर्ष, फिट्स शाळेपासून, सासरी आधीच सांगितलेलं. गेल्या महिन्यात पोळ्या करताना फिट आली, हात तव्यावर गेला, कुणीतरी तोंडात चमचा घातला त्यात पुढचा दात तुटला. आता सासूबाई गॅसजवळ येऊ देत नाहीत आणि नवरा म्हणतो ऑफिसही सोड. "ताई, मी काय जन्मभर पलंगावर बसून राहू?"

अगं, का बसायचं? पण सासूबाईंवर लगेच चिडू नकोस, सुनेचा हात तव्यावर बघितलाय त्यांनी, घाबरणारच. स्वयंपाक कर, फक्त मागच्या बर्नरवर, हँडल भिंतीकडे वळवून, आणि घरात कुणी असेल तेव्हाच. तळण आणि उकळतं पातेलं उतरवणं दुसऱ्याने करायचं, जमलं तर इंडक्शन घ्या. कणिक मळणं, भाजी निवडणं खाली बसून होतंच की.

मला खरी धास्ती बाथरूमची वाटते, ज्याचा पत्रात उल्लेखच नाही! कडी लावू नकोस, दारावर पाटी अडकव. दार आत उघडणारं असेल आणि तू त्यालाच टेकून पडलीस तर बाहेरून ढकलताही येत नाही, म्हणून सुताराला बोलवून ते बाहेर उघडणारं करून घ्या. बादलीत आधी गार पाणी मग गरम, आणि स्टुलावर बसून अंघोळ. विहीर, नदी, स्विमिंग पूल एकटीने अजिबात नाही.

आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलंयस की त्या दिवशी संकष्टी होती म्हणून सकाळची गोळी राहिली आणि आदल्या रात्री नणंदेच्या हळदीचं जागरण. अगं बाई, इथेच तर घोळ झालाय! उपवासाला गोळी चालते, बाप्पा रागावत नाही. गोळी चुकली आणि झोप बुडली की फिटला आमंत्रणच.

ऑफिस सोडू नकोस, कॉम्प्युटरचं काम आहे. स्कूटीला मात्र माझा नकार, लायसन्सच्या फॉर्ममध्ये फिट्सचा प्रश्न सरळ विचारलेला असतो, तिथे खोटं लिहू नकोस.

आता हे नवऱ्याला वाचून दाखव: फिट आली की तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं टोकदार, गरम सामान बाजूला करायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली तर १०८. नंतर खांदा दुखत असेल, हात वर जात नसेल तर अंग ठणकतंय म्हणून सोडून देऊ नका, फिटमध्ये खांदा निखळतो, एक्सरे काढा.

ऑफिसमधल्या शेजारणीलाही हे सांगून ठेव. आणि दात दाखवायला जाशील तेव्हा डेंटिस्टला गोळ्यांचं नाव सांग, फेनिटॉइन असेल तर त्याने हिरड्या वाढतात.