पाच लाखांचा कोर्स दहा लाखांना पडतोय

प्रश्न: वय 31, एम.एस्सी. भूशास्त्र. पाच वर्षं कंत्राटी मडलॉगर आहे, म्हणजे तेलविहीर खणताना वर येणारा खडक तपासतो. 28 दिवस रिगवर, 28 दिवस घरी. महिना सरासरी 58 हजार मिळतात. घरखर्च 40 हजार, कमावता मी एकटाच. एफडीत साडेचार लाख. पुण्यात सहा महिन्यांचा पूर्णवेळ पेट्रोफिजिक्सचा (विहिरीतल्या मोजमापांवरून खडक ओळखण्याचा) कोर्स आहे, फी 5 लाख. एफडीतले 2 लाख आणि 14 टक्क्यांनी 4 लाखांचं पर्सनल लोन, तीन वर्षांसाठी, असा विचार आहे. अडलंच तर बायकोचं सोनं आहे. करू का?

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात फीच्या खाली बारीक अक्षरात 'अधिक जीएसटी' लिहिलंय. 18 टक्के धरले की 5 लाख 90 हजार. कर्जाचा हप्ता सुमारे 13,700 रुपये, तीन वर्षांत व्याज 92 हजार. आणि सहा महिने नोकरी सोडणार म्हणजे 3 लाख 48 हजार पगार बुडाला. तो तुम्ही कुठेच धरलेला नाही. बेरीज 10 लाख 30 हजार.

आता महिन्याचा हिशोब. दोन लाख काढल्यावर एफडीत अडीच लाख उरतात. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना 53,700. पाचव्या महिन्यात एफडी संपते, कोर्स सहाव्यात. म्हणजे सोनं 'अडलंच तर' नाही, ठरल्या दिवशी मोडावं लागणार आहे. बायकोला हे याच शब्दांत सांगितलंय का?

शिकायचा विषय मात्र तुम्ही चुकीचा निवडलेला नाही. उरण-पनवेलकडचे माझे बरेच क्लायंट याच धंद्यातले, त्यामुळे थोडंफार कानावर असतं. तुम्ही शेल शेकरवरचे, म्हणजे विहिरीतला चिखल गाळणाऱ्या चाळणीवरचे, कटिंग्ज (खडकाचे तुकडे) उचलता, धुता, यूव्ही दिव्याखाली धरून तेलाची चमक शोधता. पेट्रोफिजिसिस्ट त्याच विहिरीचे लॉग, म्हणजे आत उपकरणं सोडून घेतलेल्या मोजमापांचे आलेख, वाचून सांगतो की खडकात पोकळी किती, आणि त्या पोकळीत पाणी किती न् तेल किती. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. एवढ्या साध्या गोष्टीवर उभं असलेलं आर्ची या अभियंत्याचं 1942 सालचं समीकरण आजही रोज वापरात आहे. पण वाळूच्या खडकात चिकणमाती मिसळली की तीही वीज वाहून नेते, आणि समीकरण असेल त्यापेक्षा जास्त पाणी दाखवतं. चांगला तेलाचा थर 'ओला' म्हणून सोडून दिला जाऊ शकतो. ही नजर सॉफ्टवेअरची बटणं शिकून येत नाही, विहिरीमागून विहीर वाचून येते. माझे क्लायंट सांगतात, मुलाखतीत प्रमाणपत्र उलटसुलट पाहून विचारतात ते हेच: लॉग किती वाचलेत?

माझी खरी हरकत कर्जाला आहे. तुमचा आजचा पगार, कोर्सनंतर मिळणारी नोकरी आणि हप्ता फेडायची ताकद, तिन्ही कच्च्या तेलाच्या भावाला बांधलेली आहेत. 2014 च्या जूनमध्ये ब्रेंट जातीचं कच्चं तेल पिंपाला 110 डॉलरच्या वर होतं, जानेवारी 2016 मध्ये 30 च्या खाली. 20 एप्रिल 2020 ला तर अमेरिकी तेलाचा वायदा उणे 37 डॉलरवर बंद झाला. भाव पडला की शोधाच्या विहिरींना आधी कात्री लागते, आणि पहिले घरी बसतात ते कंत्राटी. सरकारी बँकेतला कारकून असं कर्ज घेता तर मी एवढं ताणलं नसतं. शिवाय पर्सनल लोनला शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची करवजावटही नाही.

मग काय करायचं? तुमच्याकडे वर्षातले जवळपास सहा महिने घरचे आहेत, आणि ते फुकट आहेत. नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने 2018 मध्ये उत्तर समुद्रातल्या व्होल्व क्षेत्राची सगळी माहिती अभ्यासासाठी खुली केली. त्यात खऱ्या विहिरींचे खरे लॉग आहेत. तीन विहिरी निवडा. गॅमा रे, रेझिस्टिव्हिटी, न्यूट्रॉन, डेन्सिटी हे चार लॉग समोर ठेवून स्वतः अर्थ लावा, निष्कर्ष लिहून काढा आणि रिगवर येणाऱ्या लॉगिंग इंजिनिअरला दाखवा. तो हसेल, चुका दाखवेल, तीच शिकवणी. सहा महिन्यांनी गोडी टिकली तर सुट्टीत बसेल असा आठवड्याभराचा कोर्स करा. त्यावर 70 हजारांपर्यंत खर्च करायला माझी ना नाही, पण तेही पगारातून साठवून.

पाच लाखवाल्या कोर्सला मी दोन अटींवर हो म्हणेन. संस्थेने मागच्या दोन तुकड्यांतल्या पाच जणांचे फोन नंबर द्यावेत, आणि त्यातले निदान तिघे आज लॉग वाचायचं काम करत असावेत. 'प्लेसमेंट साहाय्य' या शब्दात नोकरी येत नाही. दुसरी अट, नऊ महिन्यांचा घरखर्च, म्हणजे 3 लाख 60 हजार, कोर्सचे सगळे पैसे भरल्यावरही एफडीत शिल्लक हवा. आजच्या बचतीच्या वेगाने त्याला काही वर्षं लागतील. तोवर तुम्ही वाचलेल्या तीन विहिरींच्या तीस झालेल्या असतील, आणि कदाचित या कोर्सची गरजही उरलेली नसेल.