सुई टोचणार हे मुलाला आधी सांगावं का?

"आधी सांगितलं तर रात्रभर झोपत नाही, नाही सांगितलं तर दवाखान्याच्या दारातच भोकाड पसरतो. करायचं काय?" थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांच्या आया हे हमखास विचारतात. या मुलांना साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यामुळे एकदा फसवून नेलं आणि सुटलो, असं इथे चालत नाही.

सहा वर्षांच्या ओमला (नाव बदललं आहे) घरचे 'बागेत जाऊ' म्हणून न्यायचे. शेवटी तो खऱ्या बागेतही जाईना. सुई टोचताना बाबा पाय धरायचे, मामा खांदे दाबायचा आणि आई सारखं म्हणायची, "काही नाही होत रे, काही नाही होत." तिचा आवाज मात्र कापत असायचा आणि ओम तेवढाच ऐकायचा. अशा धीर देण्यासोबत मुलांचं रडणं वाढलेलंच अभ्यासांतही दिसलंय.

मी म्हटलं, "ताई, खरं सांगा, पण थोडक्यात. रात्रीची झोप उडत असेल तर सकाळी अंघोळ घालताना सांगा: आज रक्त चढवायचंय. सुई टोचेल, थोडं दुखेल, मग थांबेल. रडलास तरी चालेल, हात तेवढा हलवायचा नाही."

ओमचा पहिला प्रश्न होता, "कुठला हात?" मला हेच हवं होतं. सुई घ्यायची की नाही, हे त्याला विचारायचंच नाही, ते ठरलेलं आहे. पण सिस्टरला दोन्ही हातांवर शीर सापडत असेल, तर हात त्याने निवडावा. त्वचा बधिर करणारं मलम मिळतं, ते डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावावं. आडवं पाडून दाबण्याऐवजी मांडीवर बसवून कवेत घ्यावं. लसीच्या सुईबाबत जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली आईवडिलांनी जवळ थांबावं, मुलाला धरून बसवावं, असंच सुचवलंय.

पुढच्या खेपेला ओम बाबांच्या मांडीवर बसला, आईने साबणाच्या फुग्यांची डबी धरली. सुई टोचली तेव्हा तो रडलाच, पण हात जागचा हलला नाही आणि मिनिटाभरात फुंकर पुन्हा सुरू झाली. मामाला बाहेर थांबवलं होतं, त्याला बोलवावं लागलं नाही.

आजी मात्र अजूनही म्हणतात, "मुलगा असून रडतोस?" आता त्यांनाच एकदा बोलावून घेतलंय.