इडिपसचा घात नशिबानं केला की स्वभावानं?

दोघांनीही, पण दोघांची कामं वेगळी. सोफोक्लिस या ग्रीक नाटककाराच्या नाटकात थीब्ज नगरीचा राजा इडिपस याच्या हातून नकळत झालेला बापाचा खून आणि आईशी लग्न नाटक सुरू होण्याआधीच घडून गेलेलं असतं. तो भाग डेल्फीच्या देववाणीचा, म्हणजे अपोलो देवाच्या मंदिरातल्या भाकिताचा. रंगमंचावर दिसते ती फक्त आधीच्या राजाच्या खुनाची चौकशी, आणि ती इडिपस स्वतःहून रेटतो. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस बोलायला नाखूष, तर इडिपस त्याच्यावरच खुनाचा आळ घेतो, मग मेहुणा क्रेऑनवर कटाचा. त्याची बायको, म्हणजेच आई, योकास्टा हिला आधी उलगडा होतो. ती विनवते, आता पुरे. हा ऐकत नाही. म्हाताऱ्या मेंढपाळाचे हात पिरगाळायला लावून त्याला बोलतं करतो.

‘गर्व हा त्याचा दोष’ असं गाइडमध्ये छापतात, ते फार तोकडं आहे. खुनी सापडला तरच थीब्जमधली रोगाची साथ हटणार, म्हणजे ती आशा याच हट्टावर असते. ॲरिस्टॉटलही शोकांतिकेतल्या नायकाच्या पतनाचं कारण दुष्टपणा नव्हे, चूक मानतो. इथली चूक म्हणजे तिठ्यावर मारलेला म्हातारा आपलाच बाप, हे न कळणं.

परीक्षेत लिहिताना, शेवटी इडिपस स्वतःचे डोळे फोडतो तो प्रसंग जरूर घ्या. इडिपस म्हणतो, दुःख अपोलोनं आणलं, पण वार माझ्याच हाताचा. डेल्फीत त्याला मिळालेल्या देववाणीत तो वार नव्हता.